आधी पैसे परत कसे येतात ते दाखवा: एकदा फसलेल्या ग्राहकाबरोबर काम सुरू करताना

एनआयएसएमची (वितरकांसाठीची) परीक्षा झाली, एआरएन म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक हातात आला, नात्यातली आणि ओळखीतली घरं फिरून झाली, की नव्या म्युच्युअल फंड वितरकासमोर पहिला परका ग्राहक येतो. बऱ्याचदा तो कुठेतरी पोळलेला असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. ठेवींवरचं विमा संरक्षण तेव्हा १ लाखाचं होतं, ते ५ लाख झालं फेब्रुवारी २०२० मध्ये. जानेवारी २०२५ मध्ये दर आठवड्याला परतावा देऊ करणाऱ्या टोरेसच्या दादरमधल्या दुकानासमोर पैसे अडकलेले लोक जमले होते. बातमीत न येणारा प्रकार याहून जास्त घरांत सापडतो: एफडी समजून घेतलेली विमा पॉलिसी.

अशा माणसाला ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असं म्हणू नका. हे वाक्य त्याने आधी ऐकलेलं आहे, आणि ज्याने बुडवलं त्याच्याच तोंडून. तुमच्यावर विश्वास न ठेवताही प्रत्येक गोष्ट त्याला स्वतः तपासता यावी, अशी मांडणी करून द्या. त्याचा संशय हा तुमच्या कामातला अडथळा नाही. पैसे मोजून शिकलेलं ते शहाणपण आहे आणि त्याला तसाच मान द्यायला हवा.

पहिल्या भेटीला फॉर्म नेऊ नका

बॅगेत फॉर्म असला की हात तिकडे जातोच, आणि समोरच्याला ते दिसतं. पहिल्या भेटीला फक्त वही न्या. ‘काका, मागे काय झालं ते मला सुरुवातीपासून सांगाल का?’ एवढं विचारून गप्प बसा. मधे तोंड घालू नका, आणि आधीच्या माणसाला नावं तर अजिबात ठेवू नका. तो बहुतेक वेळा ओळखीचाच असतो: बँकेतला साहेब, सोसायटीतला शेजारी, कधी सख्खा भाचा. त्याला तुम्ही चोर म्हणालात की काकांना आपण मूर्ख ठरल्यासारखं वाटतं, आणि मग पुढचं ते सांगत नाहीत.

ऐकताना चार गोष्टी लिहून घ्या: तोंडी काय सांगितलं गेलं, कागदावर काय होतं, कागद हातात कधी पडला, आणि काहीतरी चुकलंय हे पहिल्यांदा कधी कळलं. आणखी एक गोष्ट हळूच समजून घ्या, घरात हे कोणाकोणाला माहीत आहे. निवृत्तीच्या पैशातले पाच लाख अडकलेत हे मुलाला न सांगितलेली कितीतरी माणसं आहेत. तुमच्या तोंडून ते सुनेसमोर निघालं, तर त्या घराचं दार तुम्हाला कायमचं बंद होईल.

याच भेटीत त्याची भीती नेमकी कशाची आहे ते ओळखा. सगळ्या फसवणुकी सारख्या नसतात आणि सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही. पॉलिसीत अडकलेल्याला वाटतं, बोलतात एक आणि छापलेलं असतं दुसरंच. पतसंस्थेत पैसे गेलेला विचारतो, संस्थाच बुडाली तर? जानेवारी २००८ च्या तेजीत फंड घेऊन पडझडीत विकून मोकळा झालेला म्हणतो, पडलं तेव्हा कोणी फोन उचलला नाही. दर आठवड्याला टक्के मिळायच्या आशेने पैसे घालवलेल्याशी जास्त जपून बोला. तो घाबरलेला असतो, पण गेलेला पैसा लवकर भरून काढायची घाईही त्याला असते. त्या घाईला तुम्ही खतपाणी घातलंत तर आधीच्या माणसात आणि तुमच्यात फरक उरणार नाही.

संस्था बुडाल्याची भीती असेल तर रचना साध्या शब्दांत सांगा. म्युच्युअल फंड हा न्यास असतो, त्यातले शेअर आणि रोखे फंड चालवणाऱ्या कंपनीच्या मालकीचे नसतात, ते स्वतंत्र कस्टोडियनकडे (मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे) राहतात. कंपनी बंद पडली म्हणून ते तिला कर्ज दिलेल्यांना जात नाहीत. मात्र लगेच दुसरी बाजूही सांगा: २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने सहा डेट (रोख्यांच्या) योजना बंद केल्या, गुंतवणूकदारांना पैसे नंतर टप्प्याटप्प्याने मिळाले, पण हवे तेव्हा काढता आले नाहीत. हे तुमच्याकडून कळलेलं बरं. पुतण्याकडून कळलं तर त्याआधी तुम्ही सांगितलेलं सगळं पुसलं जातं.

जुने कागद वाचून द्या

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, आणि नवे लोक नेमकी हीच पायरी गाळतात, कारण यात कमाई नाही.

नेहमीचं प्रकरण असं असतं. शाखेत एफडी मोडायला किंवा नव्याने करायला गेलेल्या माणसाला ‘एफडीपेक्षा चांगलं’ म्हणून काहीतरी दिलं जातं. त्याने एकदाच ५ लाख भरले अशी त्याची समजूत. पुढच्या वर्षी हप्त्याचा निरोप येतो तेव्हा कळतं की दरवर्षी ५ लाख भरायचे आहेत. पॉलिसीचं बाड घ्या आणि त्याच्यासमोर बसून पेन्सिलने खुणा करा: हप्ता किती, किती वर्षं भरायचा, मुदत किती, विमा रक्कम किती, नॉमिनी कोण. हप्ता भरायची वर्षं आणि पॉलिसीची मुदत हे दोन वेगळे आकडे असतात. ‘पाच वर्षं भरा’ एवढंच ऐकलेल्या माणसाला पैसे पंधराव्या वर्षी मिळणार हे तुमच्या पेन्सिलीच्या खुणेने पहिल्यांदा कळतं.

कागद नुकताच हातात पडला असेल तर घाई करा. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, याला फ्री-लूक म्हणतात. त्या दिवसांत अर्ज गेला तर किरकोळ कपात होऊन पैसे परत येतात. बाड कपाटात न उघडता पडून असेल, तर आधी ते कधी मिळालं याची कुरिअरची किंवा ईमेलची तारीख शोधा.

ती मुदत गेली असेल तर तीन वाटा उरतात: हप्ते चालू ठेवणं, पेड-अप करणं (हप्ते थांबवून कमी रकमेची पॉलिसी मुदतीपर्यंत ठेवणं), सरेंडर करणं (पॉलिसी मोडून पैसे घेणं). इथे तुमची खरी परीक्षा आहे. सरेंडर केलं तर हातात आलेली रक्कम तुमच्याकडे गुंतवली जाण्याची शक्यता आहे, म्हणजे तुमचा त्यात फायदा आहे. हे त्याला ताडकन बोलून दाखवा: ‘तुम्ही हे मोडलंत तर मला फायदा होऊ शकतो, म्हणून मोडा किंवा ठेवा हे मी सांगणार नाही. कंपनीकडून आकडे लेखी मागवू या, मग घरात बसून ठरवा.’ आज सरेंडर केलं तर किती मिळतील, पेड-अप केली तर मुदतीअखेर किती, सगळे हप्ते भरले तर किती, हे तीन आकडे विमा कंपनीला ईमेल करून मागता येतात. तो ईमेल त्याच्याच मोबाइलवरून, त्याच्या शब्दांत लिहायला मदत करा. यूलिप (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) असेल तर पाच वर्षांचा लॉक-इन आहे, तोपर्यंत पैसे बाहेर येत नाहीत, हेही लक्षात आणून द्या. आणि त्या पॉलिसीत घराला आधार असलेलं विमा संरक्षण असेल, तर दुसरा टर्म विमा मंजूर होऊन हातात येईपर्यंत जुन्याला कोणी हात लावू नये.

खोटं सांगून विकलं असेल तर तक्रारीची वाट दाखवा. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं. विमा नियामक आयआरडीएआयचं ‘बीमा भरोसा’ हे पोर्टलही आहे. तक्रार जिंकण्याची हमी तुम्ही देऊ नका. सही फॉर्मवर त्याचीच असते आणि पडताळणीच्या फोनवर ‘हो’ही त्यानेच म्हटलेलं असतं, त्यामुळे काही तक्रारी फेटाळल्या जातात.

जुने म्युच्युअल फंड असतील तर काम सोपं आणि समाधान देणारं आहे. फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स आणि केफिनटेक या कंपन्यांचं एकत्रित स्टेटमेंट पॅन आणि नोंदवलेल्या ईमेलवर मागवता येतं. एमएफसेंट्रल या संकेतस्थळावर सगळे फोलिओ (फंडातली खाती) एका जागी दिसतात. पत्ता बदलला, ईमेल बंद पडला म्हणून विसरलेले फोलिओ शोधायला बाजार नियामक सेबीने २०२५ मध्ये ‘मित्र’ नावाची सोय सुरू करवली आहे. बुडाले समजलेले वीस हजार एका विसरलेल्या फोलिओत दुप्पट-तिप्पट होऊन सापडले, तर काका पुढच्या वेळी तुम्हाला चहाला थांबवतील. तो फोलिओ लगेच स्वतःच्या एआरएनखाली आणायचा आग्रह मात्र धरू नका.

तुमची ओळख त्यांच्याच फोनवर तपासू द्या

स्वतःला सल्लागार म्हणवू नका. सेबीच्या नियमांनुसार नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार वेगळा आणि तुम्ही वेगळे. कार्डावर ‘एएमएफआय-नोंदणीकृत म्युच्युअल फंड वितरक’ आणि एआरएन क्रमांक एवढंच असावं. तो क्रमांक ग्राहकाला स्वतःच्या फोनवरून एएमएफआय या म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर शोधायला सांगा: नाव, शहर, वैधता सगळं दिसतं. तुमच्या फोनवर दाखवलेलं मोजू नका, त्याच्या फोनवर दिसलेलं मोजा.

मग पैशांचं बोला, आणि त्याने विचारायच्या आधी बोला. ‘मला तुमच्याकडून एक रुपयाही नको’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. ते अर्धसत्य आहे, आणि पोळलेल्या माणसाला अर्धसत्याचा वास लगेच येतो. ऑक्टोबर २०१८ नंतर आपल्याला आगाऊ कमिशन नाही, ट्रेल आहे: पैसे फंडात असेपर्यंत दरवर्षी ठराविक टक्के. ते रुपयांत सांगा. १० लाख गुंतवले आणि ट्रेल ०.८ टक्के असेल, तर वर्षाला साधारण ८,००० रुपये मला मिळतील आणि ते तुमच्याच फंडाच्या खर्चातून येतील. सहामाही एकत्रित स्टेटमेंटमध्ये वितरकाला दिलेलं कमिशन रुपयांत छापलेलं असतं. त्या ओळीवर बोट ठेवून दाखवा.

डायरेक्ट प्लॅनचंही सांगा. १ जानेवारी २०१३ पासून तोच फंड वितरकाशिवाय घेता येतो आणि त्याचा खर्च कमी असतो. शेअर बाजाराच्या फंडात हा फरक वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का असतो. तो छोटा वाटतो, म्हणून हिशोब करून ठेवा: दरमहा १०,००० ची एसआयपी २० वर्षं, हिशोबापुरते १२ टक्के धरले तर जवळपास १ कोटी, ११ टक्के धरले तर सुमारे ८७ लाख. पूर्ण एक टक्क्याच्या फरकाची किंमत साडेबारा लाख. नव्या वितरकाला हे सांगायची भीती वाटते, ग्राहक हातचा जाईल म्हणून. काही जातातही. जे राहतात ते किंमत माहीत असून राहतात. त्या पैशांच्या बदल्यात तुम्ही वर्षभरात काय करणार हे मग तुम्हाला नेमकं सांगता आलं पाहिजे: कागदपत्रं, नॉमिनीच्या नोंदी, वर्षातून दोनदा बसून आढावा, बाजार पडल्यावर फोन, आणि घरात कोणी गेलं तर फोलिओ वारसांच्या नावावर करून देणं. हे शेवटचं काम करून दिलेल्या घराला ट्रेल कशाबद्दल देतोय हे पुन्हा सांगावं लागत नाही.

कमिशनमधून थोडं परत द्या अशी मागणी आली तर नम्रपणे नाही म्हणा, नियमात ते बसत नाही.

पैशांच्या वाटेवर तुम्ही कुठेही उभे राहू नका

चेक फंडाच्या नावाने, किंवा पैसे ग्राहकाच्या खात्यातून ऑनलाइन थेट. रोख घेऊ नका, स्वतःच्या खात्यावर तर कधीच नाही, ‘उद्या भरतो’ म्हणून सुद्धा नाही. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊ नका. ओटीपी विचारू नका, आणि ग्राहक आपणहून सांगायला लागला तर थांबवा: ‘मॅडम, तो मलासुद्धा सांगायचा नाही.’ त्या एका वाक्याने तुमच्याबद्दल जे कळतं ते माहितीपत्रकाने कळत नाही.

फोलिओवरचा मोबाइल आणि ईमेल ग्राहकाचाच हवा. वयस्कर लोकांकडे ईमेल नसतो म्हणून वितरक स्वतःचा टाकून देतात, सोयीचं पडतं. पण त्यामुळे फंडाकडून आलेला प्रत्येक संदेश ग्राहकाला न जाता वितरकाला जातो, आणि ग्राहक त्याच्याच खात्याबाबत आंधळा होतो. ईमेल नसेल तर बसून काढून द्या, पासवर्ड त्यालाच लिहू द्या, तुम्ही तोंड फिरवा. जुन्या फोलिओत कोणा दुसऱ्याचा नंबर असेल तर तो बदलणं हे पहिलं काम. आणि हे दाखवून द्या की फंडातून काढलेले पैसे नोंदवलेल्या बँक खात्यातच जातात, तुमच्या म्हणण्याने दुसरीकडे वळत नाहीत.

थोडे पैसे घाला आणि काढून दाखवा

फसलेल्या माणसाचा अनुभव असा असतो की पैसे आत जाताना सगळे हजर होते आणि बाहेर काढताना कोणी नव्हतं. म्हणून त्याचा पहिला व्यवहार हा पैसे काढण्याचा करा. केवायसी झाल्यावर लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या रोख्यांच्या फंडात) छोटी रक्कम घालायला सांगा, पाच हजार पुरे. पैसे गेल्याचा एसएमएस फंडाकडून आला, फोलिओ नंबर मिळाला, स्टेटमेंट आलं, एवढं पाहू द्या. लिक्विड फंडाला पहिल्या सहा दिवसांत काढलं तर किरकोळ एक्झिट लोड (पैसे काढण्याचं शुल्क) लागतो, सातव्या दिवसापासून लागत नाही. आठ-दहा दिवसांनी म्हणा, ‘आता सगळे काढा, आणि स्वतः काढा.’ फंडाच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून त्याने अर्ज टाकावा, तुम्ही फक्त शेजारी बसा. कामकाजाचा दिवस असेल आणि वेळेत अर्ज गेला असेल तर पैसे साधारण पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात येतात.

बँकेचा तो मेसेज आला की तुम्ही काहीही बोलायची गरज नसते. पुढची रक्कम त्याला ठरवू द्या. महिनाभर फोन आला नाही तरी मागे लागू नका.

पडझड आधी दाखवा, आणि रुपयांत

‘जोखीम असते’ हे सगळेच म्हणतात, कागदावर छापलेलंही असतं, आणि त्याचा अर्थ कोणालाच पोचत नाही. आकडे द्या. जानेवारी २००८ च्या सुरुवातीला निफ्टी ६,२८७ वर बंद झाला होता, २७ ऑक्टोबरला २,५२४ वर. १० लाखांचे ४ लाख दिसत होते, आणि जुन्या पातळीला परत यायला नोव्हेंबर २०१० उजाडला. २०२० मध्ये १४ जानेवारीला १२,३६२, २३ मार्चला ७,६१०. १० लाखांचे सव्वासहा लाखांच्याही खाली. तेव्हा मात्र त्याच नोव्हेंबरात भरून निघालं. दोन्ही सांगा. फक्त दुसरं सांगितलंत तर ती विक्री झाली.

मग विचारा: ‘स्टेटमेंटवर १० लाखांचे सहा दिसले आणि दोन-तीन वर्षं तसेच राहिले, तर घर चालेल का? झोप लागेल का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर ते पैसे शेअर बाजाराच्या फंडात घालू नका. निवृत्त माणसाला ज्येष्ठ नागरिक बचत योजना पोस्टात किंवा बँकेत मिळते, पाच वर्षांची, एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत. तुम्हाला त्यातून काहीही मिळत नाही. तरी त्याला पोस्टात पाठवा.

त्याच संध्याकाळी लेखी

प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर मराठीत सात-आठ ओळी पाठवा: काय बोललो, कोणता फंड, का, खर्च किती, मला किती मिळणार, कशाची हमी दिली नाही, पुढे कोणी काय करायचं. तोंडी शब्दावर फसलेल्या माणसाला तुमचा शब्द जपून ठेवता येईल असा द्या. घरातल्या आणखी एका माणसाला तो संदेश दाखवायला सांगा. मुलगा बंगळुरूला किंवा अमेरिकेत असेल तर व्हिडिओ कॉलवर त्यालाही घ्या. तो आडवेतिडवे प्रश्न विचारेल, विचारू द्या. उत्तर येत नसेल तर ‘उद्या संध्याकाळपर्यंत विचारून सांगतो’ म्हणा आणि उद्या संध्याकाळी सांगा, उत्तर मिळालं नसेल तर मिळालं नाही हे सांगायलाही फोन करा.

बाजार जोरात पडलेल्या दिवशी फोन तुम्ही करायचा असतो, त्यांनी नाही. ‘घाबरू नका’ म्हणायचं नाही. आजच्या भावाने तुमचे इतके दिसतायत, आपण ठरवलेल्या तारखेला अजून इतकी वर्षं आहेत, आणि काढायचे असतील तर आजही निघतात, एवढं सांगायचं.

एवढं करूनही काही जण नाही म्हणतील. कोणी सगळं तुमच्याकडून समजून घेऊन डायरेक्ट प्लॅनमध्ये जाईल. त्याला एमएफसेंट्रल उघडून द्या, नॉमिनी भरलाय का तेवढं बघा, आणि जुन्या पॉलिसीच्या तक्रारीची पुढची तारीख त्याच्या कॅलेंडरमध्ये टाकून द्या.